नहाणीघरातला एक गैरसमज

हा विषय या पानावर घ्यावा की घेऊ नये, या विचारात आमचे दोन महिने गेले. आपले मासिक घरातील सर्वजण वाचतात. आजोबांचा चष्मा उतरला की ते सुनेच्या हाती जाते, आणि दुपारी मुलेही चाळतात. अशा पानावर लहान मुलग्यांच्या एका नाजूक अवयवाविषयी लिहायचे म्हणजे लेखणी अडखळणारच. परंतु संकोचापोटी आपण जे बोलत नाही, त्याची किंमत कधी कधी घरातले सर्वांत लहान माणूस मोजते. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी आणि वाचावे, एवढीच विनंती.

काचीगुड्यातील आमच्या शेजाऱ्यांचा नातू साडेचार वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी लघवी करताना तो रडू लागला. त्याला एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथे तपासणी झाली आणि हाती एक चिठ्ठी आली. तीवर 'फायमोसिस' असा शब्द, आणि खाली शस्त्रक्रियेची तारीख, पुढच्याच आठवड्यातली. अग्रत्वचा, म्हणजे शिश्नाच्या टोकावरील कातडी, मागे सरकत नाही, सबब ती काढून टाकावी लागेल, असे सांगण्यात आले. घरी येताच आजीबाईंनी आकांत मांडला. "आपल्यात असलं कधी कुणी केलंय का? लोक काय म्हणतील?" मुलाच्या वडिलांचे म्हणणे निराळेच. "आई, डॉक्टरांना काय कळत नाही का? एकदाचे करून मोकळे होऊ." मुलाची आई या दोघांच्या मध्ये सापडलेली. ती चिठ्ठी पदराखाली घेऊन आमच्या घरी आली आणि "काकू, सरांना जरा विचारून बघाल का?" असे म्हणून ती आमच्या सौभाग्यवतींच्या हाती देऊन गेली. आम्ही वैद्य नव्हे, मराठीचे पदवीधर आहोत. पण शाळामास्तराला सर्व काही कळते, अशी आपल्या लोकांची एक जुनी समजूत आहे, आणि ती मोडवत नाही.

आजीबाईंची भीती कशाची होती, हे या शहरात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. ज्याला आपण सुंता म्हणतो (हा शब्दही अरबी 'सुन्नत'वरून आपल्याकडे आला), तो आपल्या डोळ्यांना धर्माची खूण म्हणूनच दिसतो. फाळणीच्या दंगलींत माणसाचा धर्म हीच खूण पाहून ठरविला गेला आणि त्यावर त्याचे जगणे-मरणे ठरले. तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्याही मनात त्याची छाया आहे. म्हणून आजीबाईंचा निर्णय आम्हांस पटला, कारण मात्र पटले नाही. मुलाला खरोखरच आजार असता, तर लोक काय म्हणतील म्हणून शस्त्रक्रिया टाळणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. प्रश्न एवढाच होता की, त्याला आजार होता का?

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमचा मुलगा आता एकोणतीस वर्षांचा आहे. तो पाळण्यात होता तेव्हा बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जी बाई येत असे, ती रोज तेल लावताना त्याची ती कातडी थोडी थोडी मागे ओढी. "आत्ता नाही केलं तर पुढे लग्नाच्या वेळी रडाल," असे ती म्हणे, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका माना डोलवीत. बाळ किंचाळे. बाळे न्हाताना रडतातच, असे आम्ही स्वतःला समजावीत असू. तो दीड वर्षाचा झाल्यावर एका डॉक्टरांकडे सर्दीसाठी नेले असता त्यांनी आपण होऊन तपासले आणि एका झटक्यात कातडी मागे सारली. रक्त आले. तीन दिवस ते पोर लघवीला बसले की आमच्या गळ्याला मिठी मारी. जखम भरली, पण भरताना व्रण राहिला, व्रणाने तोंड आवळले, आणि सातव्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली. जी वेळ येऊ नये म्हणून ओढाताण चालली होती, ती वेळ त्या ओढाताणीनेच आणली.

शस्त्रक्रियेनंतर तो शाळेत गेला तेव्हा आम्ही त्याच शाळेत शिक्षक होतो. मधल्या सुट्टीत मुतारीपाशी एका मुलाने त्याला धर्म बदलल्याबद्दल चिडविले. सगळी मुले हसली. त्या हसणाऱ्यांच्या मागे उर्दू माध्यमाच्या वर्गातील दोन मुले उभी होती (एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांचे वर्ग भरण्याची आपल्याकडे जुनीच रीत आहे) आणि त्यांचे चेहरे उतरले होते. एका शिवीने तीन मुलांना लागले होते. आम्ही व्हरांड्यातून जात होतो. आम्ही ऐकले, आणि न ऐकल्यासारखे करून पुढे गेलो. पुढे इतक्या वर्गांत इतके धडे शिकविले, पण त्या दिवशी जो द्यायला हवा होता तो दिला नाही.

असो. त्या वेळी जे वाचले नाही ते आम्ही नंतर वाचले, आणि शेजाऱ्यांच्या नातवाच्या निमित्ताने पुन्हा वाचले. त्यातले सार असे.

मुलगा जन्मतो तेव्हा त्याच्या अग्रत्वचेचा आतला पदर आणि खालील शिश्नमुंड हे दोन्ही एकमेकांस चिकटलेले असतात. ही चिकटण रोगाची नव्हे. गर्भात दोहोंचे अस्तर एकच असते म्हणून ती असते. कच्च्या चिंचेची साल गराला कशी घट्ट धरून असते, तसेच हे. चिंच पिकली की साल आपोआप सुटते. कच्ची सोलू गेलात तर गरही निघतो. या दोन पदरांमधील पेशी हळूहळू गळून पडतात, जागा मोकळी होते, आणि कातडी सुटी होत जाते. गळलेल्या पेशींचे पांढरट, मेणासारखे लहान गोळे कधी कधी कातडीखाली दिसतात. त्यांना पू समजून आया घाबरतात. तो पू नसतो. लघवी करताना टोकाशी कातडी क्षणभर फुग्यासारखी फुगते, तेही बहुधा निरुपद्रवीच. दुखत नसेल, धार नीट येत असेल, तर काही करावयाचे नाही. अधूनमधून टोक लाल होते, एखादा दिवस जळजळते. स्वच्छ पाण्याने व थोड्या औषधाने ते बरे होते. शेजाऱ्यांच्या नातवाचे नेमके तेवढेच झाले होते.

हे सुटणे कोणत्या वयात पुरे होते? १९४९ साली ब्रिटनमध्ये डग्लस गेअर्डनर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या विषयावर एक निबंध लिहिला. नवजात मुलांपैकी शंभरात चौघांचीच कातडी पूर्ण मागे जाते, वर्षाअखेर निम्म्यांची आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नव्वदांची, असे त्यांनी मांडले. त्या निबंधात आणखी एक आकडा होता. इंग्लंड व वेल्समध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या सुंतेच्या निमित्ताने दरवर्षी सरासरी सोळा मुले दगावत होती. जी शस्त्रक्रिया बहुतेकांना लागतच नव्हती, तिच्यापायी! तेव्हापासून त्या देशात निरोगी मुलांची सुंता करण्याची प्रथा झपाट्याने मागे पडली.

पुढे असे लक्षात आले की गेअर्डनरसाहेबांचा हिशेबही घाईचा होता, निसर्ग त्याहून सावकाश चालतो. आम्हां शाळामास्तरांना विशेष जवळचे वाटावे असे काम डेन्मार्कमधील याकोब ऑस्टर यांचे. ते सहा ते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांना वर्षानुवर्षे तपासत राहिले, आणि १९६८ साली त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांच्या मुलांत शेकडा त्रेसष्टांची कातडी कोठे ना कोठे चिकटलेली होती. सोळा-सतराव्या वर्षी तशी अवघी शेकडा तीन उरली. टोक अरुंद असण्याचे प्रमाण त्याच काळात आठावरून एकावर आले. कोणीही काही केले नव्हते. मुले फक्त मोठी झाली होती. १९९६ साली जपानातून आलेल्या अभ्यासात तर अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांतही शेकडा त्रेसष्टांचीच कातडी पूर्ण मागे जाते असे दिसले. म्हणजे साडेचार वर्षांच्या पोराच्या कातडीला 'मागे जात नाही' असा शेरा मारणे, हे बालवर्गातल्या मुलाला समीकरणे येत नाहीत म्हणून नापास करण्यासारखे आहे.

आमच्या मनाला मौज वाटली ती याची की, हे शहाणपण केवळ परदेशचे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे. तेथे या अवयवाचे तीन विकार वेगवेगळ्या नावांनी दिले आहेत. कातडीचे तोंड आवळून मूत्राचा मार्ग अडतो तो निरुद्धप्रकश; कातडी मागे जाऊन गाठीसारखी अडकते ती परिवर्तिका; आणि कातडी फाटते ती अवपाटिका. या तिसरीच्या कारणांत कातडी बळाने मागे सारणे हेही कारण सांगितले आहे! आमच्या न्हाऊ घालणाऱ्या बाईला आणि त्या डॉक्टरांना हे कोणी सांगितले असते तर! आणि निरुद्धप्रकशावरचा पहिला उपाय म्हणून सुश्रुताने सुरी सांगितली नाही. धातूची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही तोंडांनी उघडी नळी तुपात माखून घालावी, आणि दर तीन दिवसांनी थोडी अधिक जाड नळी वापरून मार्ग वाढवीत न्यावा, अशी त्याची पद्धत. आजचे डॉक्टर नळीऐवजी स्टेरॉइडचे सौम्य मलम देतात. ते दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे लावले की बहुसंख्य मुलांत अरुंद तोंड सैल होते. तुपाची जागा मलमाने घेतली. धीर धरण्याचे तत्त्व तेच राहिले.

शस्त्रक्रिया मुळीच लागत नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. टोकाशी पांढरे, कडक, चिवट कडे दिसू लागले, तर तो व्रणाचा खरा आजार असतो आणि तेथे शस्त्रक्रियाच योग्य. वारंवार पू होणे, मूत्रमार्गात जन्मजात दोष असून पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होणे, ही आणखी कारणे. कातडी मागे जाऊन अडकली व टोक सुजले, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. आणि एक गोष्ट प्रत्येक आईने ध्यानात ठेवावी. मुलाच्या लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूस असेल, तर ती कातडी कोणत्याही कारणाने आधी काढू देऊ नये. ते छिद्र दुरुस्त करताना शल्यवैद्याला तीच कातडी उपयोगी पडते.

आता राहिला वादाचा भाग. धर्म म्हणून जे सुंता करतात त्यांच्याविषयी आपण काय म्हणावे? आधी एक स्मरण करून देतो. 'आपल्यात असलं नसतं' हे आजीबाईंचे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी पुरते खरे नाही. कोकणातील बेने इस्राएल हे शेकडो वर्षे मराठी बोलत आलेले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांचे ग्रंथ हरवले, भाषा हरवली, पण शनिवारचा विसावा आणि आठव्या दिवशीची सुंता त्यांनी सोडली नाही. त्या समारंभानंतर पोहे, नारळ व फळे घालून केलेला मलिदा वाटला जातो, आणि घरातल्या बायका मराठीतच बोलत असतात. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ इस्राएलला गेले, तिकडून त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही काढले. ती माणसे आपल्यातली नव्हेत, असे म्हणायला आमची जीभ तरी रेटत नाही.

त्याच यहुदी धर्मशास्त्रात सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक नियम आहे. एखाद्या आईचे दोन मुलगे सुंतेनंतर रक्त न थांबल्याने दगावले असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये. रक्त न गोठण्याचा रोग आईकडून मुलग्यांकडे येतो, हे वैद्यकाला कळण्याच्या किती आधी हे लिहिले गेले! धर्माज्ञा कितीही कडक असली तरी मुलाचा जीव तिच्यापुढे ठेवला गेला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

हैदराबादेत तर हा संस्कार घरोघरी आहे. आमचे एक जुने सहकारी, उर्दूचे शिक्षक, आता निवृत्त आहेत. त्यांना आम्ही भीतभीतच विचारले. ते हसून म्हणाले, "मेरी तो जर्राहने उस्तऱ्याने की थी, साब, मैं आज तक नहीं भूला. पोते की दवाखाने में कराया, सुन करके." आपल्या नातवासाठी त्यांनी भूल, निर्जंतुक हत्यारे आणि शिकलेला शल्यवैद्य हे तिन्ही पाहिले. तेथे आमचे म्हणणे संपले. दुसऱ्याच्या श्रद्धेला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. वस्तऱ्याऐवजी भूल आली, एवढ्याने आम्ही समाधानी आहोत.

परंतु असेही लोक आहेत जे म्हणतात की, ज्याचे शरीर त्याने मोठे होऊन ठरवावे, आईबापांनीही नव्हे. हा विचार यूरोपात जोर धरून आहे. २०१२ साली जर्मनीतील कोलोन येथील न्यायालयाने मुलाची धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरविली. फार गदारोळ झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील संसदेने कायदा करून तिला परवानगी दिली. आइसलँडमध्ये २०१८ साली बंदीचे विधेयक आले आणि बारगळले. आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयापुढे असा अर्ज झाला होता, तो २०२३ साली फेटाळला गेला. बंदीने असले प्रश्न सुटतात यावर आमचा विश्वास नाही. बंदी आली की वस्तरा अंधारात जातो. तरीही तो युक्तिवाद ऐकताना आम्हांस दीड वर्षाचा एक मुलगा आठवतो, आणि आम्ही गप्प बसतो.

अमेरिकेची तऱ्हा याहून वेगळी. तेथे हे धर्मावाचून चालते. १८७० साली न्यूयॉर्कच्या लुईस सेअर या नामांकित अस्थितज्ज्ञाने पाच वर्षांच्या एका पांगळ्या मुलाची अशी शस्त्रक्रिया केली, मुलगा सुधारला असे जाहीर केले, आणि मग पांगळेपणापासून फेफऱ्यापर्यंत सगळ्यांवर हाच उतारा सांगितला जाऊ लागला. ती कारणे केव्हाच निकालात निघाली, प्रथा मात्र राहिली. अजूनही तिथे सुमारे निम्म्या नवजात मुलांची सुंता होते. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली म्हटले की फायदे धोक्यांहून अधिक आहेत, पण सर्वच मुलांची करावी अशी शिफारस करण्याइतके ते नाहीत. आपल्यापैकी कित्येकांच्या लेकी-सुना तिकडे बाळंत होतात. बाळ जन्मल्यावर तिथली परिचारिका जो प्रश्न विचारते, त्याचे उत्तर 'नको' असे देता येते आणि त्याने बाळाचे काहीही बिघडत नाही, हे प्रवासाला निघण्यापूर्वीच त्यांच्या कानी घालावे.

एड्सविषयी कोणी विचारील म्हणून लिहितो. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथे झालेल्या चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून होणारा तो संसर्ग सुमारे साठ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले, आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या रोगाचा फार मोठा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकी देशांसाठी तिची शिफारस केली. पण ते सर्व जाणते पुरुष होते, स्वतःच्या संमतीने पुढे आलेले. काचीगुड्यातील साडेचार वर्षांच्या मुलाला तो दाखला लागू करता येत नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गाचेही तसेच. निरोगी मुलांत एक संसर्ग टाळण्यासाठी शंभराहून अधिक मुलांची सुंता करावी लागेल, असा हिशेब आहे. आणि असा संसर्ग औषधाने बरा होतो.

तेव्हा करावे काय? कातडी ओढू नये. नहाणीघरात बाळाचे बाहेरून जेवढे दिसते तेवढेच पाण्याने धुवावे. न्हाऊ घालणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी, तिचा मान राखून पण स्पष्टपणे सांगावे. सासूबाईंचे भय असेल तर नवऱ्याने सांगावे. डॉक्टर तपासू लागले तर 'जोराने मागे करू नका' असे म्हणण्याचा आईबापांना हक्क आहे. मुलाची कातडी सुटी झाली की त्याने आंघोळीच्या वेळी स्वतःच हळुवारपणे मागे करून धुवावे आणि लगेच पुढे आणावी, हे बापाने त्याला एकदा शिकवावे. आपल्या घरात बाप मुलाला हे शिकवीत नाही, हे ठाऊक असूनही लिहितो.

शेजाऱ्यांच्या नातवाला शेवटी निलोफरला नेले. बाळंतपणात दगावलेल्या आपल्या दासीच्या दुःखातून राजकन्या निलोफर यांनी ज्याचा ध्यास घेतला आणि १९५३ साली जे सुरू झाले, तेच हे मुलांचे रुग्णालय. गर्दी नेहमीसारखीच होती, सकाळी गेलेली मंडळी दुपारी परतली. तेथील डॉक्टरीणबाईंनी मुलाला अर्धा मिनिट पाहिले, आईला चार वाक्ये सांगितली आणि औषध म्हणून काही लिहून दिले नाही. त्यामुळे वडील थोडे हिरमुसले. एवढ्या वेळाने काहीतरी लिहून मिळावे अशी आपली अपेक्षा असतेच. पहिल्या दवाखान्यातली तारीख येऊन गेली. आजीबाईंनी त्या दिवशी पुरण घातले आणि एक पोळी आमच्याकडेही आली.

हा लेख छापायला देण्यापूर्वी आम्ही तो आमच्या मुलाला फोनवर वाचून दाखविला. तो पुण्यास असतो. त्याची गोष्ट सांगायची तर त्याला विचारून सांगावी, असे या वेळी तरी वाटले. मध्ये बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, छापा. फक्त मुतारीपाशी तो मुलगा जे बोलला ते तसंच्या तसं लिहू नका." आम्ही ते वाक्य काढले.